शब्द सापडले, पण बोलणं? 'बिग कॅक्टस' पेपर वाचताना



पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. गाईड म्हणतात, "आधी लिटरेचर क्रिटिकली वाचून या." तुम्ही पेपर उघडता, ॲबस्ट्रॅक्ट वाचता, पी-व्हॅल्यू बघता, 'लिमिटेशन्स'मधली दोन वाक्यं वहीत उतरवता आणि वाटतं, झालं क्रिटिकल रीडिंग. मीसुद्धा पहिलं वर्षभर हेच केलं. ते पुरेसं नाही हे मला वर्गात नाही, गोसीखुर्दला मोठेबाबांच्या पडवीत कळलं. म्हणून आज एकच पेपर घेऊन बसू आणि तो शेवटपर्यंत तपासू.

विषय आहे मोठ्या माणसांची स्पीच थेरपी. हे नाव ऐकलं की बहुतेकांना उशिरा बोलणारं मूल आठवतं. पण लकवा मारल्यावर ज्यांची वाचा जाते, घशाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, पार्किन्सनमध्ये ज्यांचा आवाज बसत जातो, ही सगळी मोठी माणसं याच दारात येतात. आजचा पेपर यातल्या पहिल्या गटाबद्दल आहे. मेंदूच्या, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या, बाजूला इजा झाली की भाषाच विस्कटते. याला ॲफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. इथे जीभ लुळी पडलेली असेलच असं नाही. बुद्धीही जागेवर असते. माणसाला काय सांगायचंय ते ठाऊक असतं, शब्द हाताला लागत नाही.

आधी माझी चूक

मोठेबाबांचं घर गोसीखुर्दला, धरणापासून जवळच. वैनगंगेवरच्या या धरणाचं भूमिपूजन 1988 साली झालं, तेव्हा ते ऐन उमेदीत होते. पुढे त्यांची काही शेती बुडीतात गेली. मोबदल्याचे कागद, सातबारा, मोजणीचे नकाशे, यावर घरात शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. 'हो', 'नाही', 'अरे', 'ते... ते...' एवढंच उरलं. लोक त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलायला लागले, जणू ऐकूच येत नाही. मग हळूहळू त्यांना काही विचारणंच बंद झालं. (त्यांना आणि मोठ्याआईला विचारूनच हे लिहितोय.)

नागपूरला थेरपीसाठी दर आठवड्याला नेणं जमण्यासारखं नव्हतं. एक दिवस पूर्ण जायचा, सोबत एक माणूस लागायचा आणि रोवणीच्या दिवसांत घरात मोकळं माणूस नसतं. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रात, पीएच.डी. पुनर्वसनातल्या मोजमापांवर. मला वाटलं, हा तर माझाच विषय. मोबाईलवर चित्रं टाकू, रोज सराव करून घेऊ, स्कोअर लिहू. जमलं तर याचंच मराठी ॲप करून तोच प्रबंधाचा विषय करू.

40 चित्रं निवडली. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली, पुढे रोजचा सराव पुतण्याने घेतला. पहिल्या दिवशी 11 बरोबर, दोन महिन्यांनी 29. मी आलेख काढला आणि मोठ्या उत्साहाने गाईड मॅडमना दाखवला. त्यांनी बघितला आणि एकच विचारलं, "आता ते घरात काय काय बोलतात?"

मी घरी फोन लावला. मोठीआई म्हणाली, "मोबाईलसमोर बोलतात बापा. एरवी होते तसेच आहेत."

म्हणजे आलेख खोटा नव्हता आणि मोठीआईही खोटं बोलत नव्हती. दोन्ही खरं कसं, हे शोधताना मी 'बिग कॅक्टस'पर्यंत पोचलो.

पेपर काय सांगतो

हा पेपर 2019 साली 'दि लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मध्ये आला. मुख्य लेखिका शेफील्ड विद्यापीठाच्या रेबेका पाल्मर. ब्रिटनमधल्या 21 स्पीच थेरपी विभागांतून 278 जण घेतले. सगळ्यांना स्ट्रोक होऊन किमान 4 महिने झालेले आणि वाचाघात टिकून राहिलेला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, म्हणजे यादृच्छिकपणे, त्यांचे तीन गट केले.

पहिल्या गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला नेहमीचे उपचार, शिवाय कोडी सोडवायची पुस्तकं आणि दर महिन्याला चौकशीचा फोन. तिसऱ्याला नेहमीचे उपचार आणि घरच्या कॉम्प्युटरवर शब्द शोधायचा सराव, तोही 6 महिने.

मधला गट कशासाठी? हे नीट समजून घ्या, कारण व्हायव्हात विचारतात. माणसाकडे कुणीतरी लक्ष देतंय, रोज काहीतरी करायला मिळतंय, एवढ्यानेही थोडा फरक पडू शकतो. तो फरक कॉम्प्युटरच्या नावावर जमा होऊ नये म्हणून हा 'लक्ष देण्याचा' नियंत्रण गट. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत एका गटाला उपचार आणि दुसऱ्याला काहीच नाही अशी तुलना असते. त्यापेक्षा हे बरंच प्रामाणिक आहे.

आणखी एक चांगली गोष्ट. सरावाचे 100 शब्द प्रत्येकाचे वेगळे होते, ज्याच्या त्याच्या आयुष्यातले. माझ्या 40 चित्रांत काय होतं? इंटरनेटवरून उचललेलं सफरचंद, छत्री, विमान. मोठेबाबा आयुष्यात विमानाबद्दल किती वेळा बोलले असतील? त्यांचे शब्द म्हणजे बांधी, परे, बुडीत, मोबदला, मोठ्याआईचं नाव. हे मला सुचलंच नव्हतं.

आता निकाल. कसोटीच्या मुख्य निष्पत्ती दोन होत्या. पहिली, सरावातले शब्द चित्र बघून सांगता येतात का. दुसरी, संभाषण सुधारलं का. त्यासाठी संभाषणाचा व्हिडिओ काढला आणि कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेल्यांनी त्याला गुण दिले.

6 महिन्यांनी कॉम्प्युटरच्या गटाची शब्दांतली सुधारणा नेहमीच्या उपचारांपेक्षा 16.2 टक्क्यांनी आणि कोड्यांच्या गटापेक्षा 14.4 टक्क्यांनी जास्त होती. 100 शब्दांची यादी म्हटल्यावर हे साधारण 14 ते 16 शब्द. 10 टक्क्यांचा फरक अर्थपूर्ण मानायचा हे आधीच ठरलेलं होतं, म्हणजे ही कसोटी आरामात पार झाली. संभाषणात मात्र फरक दिसला नाही.

माझा आलेख आणि मोठ्याआईचं वाक्य, दोन्ही एकाच पेपरात छापलेले होते.

आता तपासू

इथे घाईने दोन निष्कर्ष काढता येतात आणि दोन्ही मी सेमिनारमध्ये ऐकलेत. एक, "कॉम्प्युटर थेरपी यशस्वी". दुसरा, "स्पीच थेरपीचा उपयोग नाही". एकाने पहिली निष्पत्ती वाचली, दुसऱ्याने दुसरी.

पहिली निष्पत्ती घ्या. ज्या शब्दांचा सराव केला त्याच शब्दांची परीक्षा घेतली. गाईडमधलेच प्रश्न पेपरात आल्यावर मार्क वाढणारच. मार्क खोटे नसतात, फक्त त्यावरून विषय समजला का हे कळत नाही. सराव न केलेल्या शब्दांत तशी सुधारणा दिसली नाही. म्हणजे मेंदूतला शब्द शोधायचा रस्ता दुरुस्त झाला असं म्हणता येत नाही. काही शब्द रस्त्याच्या कडेला आणून ठेवले गेले, एवढंच म्हणता येतं. लेखकांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी दुसरी निष्पत्ती बरोबरीने ठेवली. पहिलीच ठेवली असती तर पेपर 'यशस्वी' ठरला असता. तसं न करण्याला धाडस लागतं, आणि मला हा पेपर आवडतो तो त्यामुळे.

दुसऱ्या निष्पत्तीवर माझा आक्षेप आहे. फरक दिसला नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात: संभाषण खरंच सुधारलं नाही, किंवा सुधारलं पण मोजपट्टीला दिसलं नाही. गुण द्यायची पट्टी 0 ते 5 अशी, अर्ध्या-अर्ध्या गुणाने चढणारी होती. रोजच्या जगण्यातला छोटा बदल इतक्या ठोकळ पट्टीवर हरवू शकतो. शिवाय संभाषण कुणाशी? प्रशिक्षित माणूस समोर असेल तर तो थांबतो, हिंट देतो, इशारे ओळखतो. तहसील कार्यालयातला बाबू थांबत नाही. एकाच माणसाचं बोलणं या दोन ठिकाणी वेगळं असणार. मग आपण मोजतो ते नेमकं कुणाचं?

आता याच्या शेजारी दुसरा पेपर ठेवा. 2017 साली 'दि लॅन्सेट'मध्ये ब्राइटनस्टाइन आणि सहकाऱ्यांचा जर्मनीतला अभ्यास आला. 156 जण, 70 वर्षांपर्यंतचे, स्ट्रोकला किमान 6 महिने झालेले. 3 आठवडे, आठवड्याला किमान 10 तास थेरपी. परीक्षा रोजच्या प्रसंगांची: धुवायला दिलेला शर्ट खराब होऊन परत आला, आता दुकानदाराला काय सांगाल? इथे उपचार घेणाऱ्यांचं बोलणं सुधारलं, वाट बघणाऱ्या गटाचं जवळपास जागेवरच राहिलं.

'बिग कॅक्टस'मध्ये लोकांनी सराव केला सरासरी 28 तास, पण 6 महिन्यांत पसरून. जर्मनीत साधारण तेवढेच तास 3 आठवड्यांत, तेही समोर माणूस बसून. मग जर्मन अभ्यास सरस का? लगेच हो म्हणू नका. त्यांच्याकडे कोड्यांसारखा नियंत्रण गट नव्हता, दुसरा गट नुसता थांबलेला होता. 3 आठवडे रोज कुणीतरी तुमच्याशी बोलतंय याचाच किती परिणाम, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. एकाकडे चांगला नियंत्रण गट, दुसऱ्याकडे जगण्याजवळची परीक्षा. दोघांचे निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोघांनी विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

आणि "उपयोग नाही" म्हणणाऱ्यांसाठी: 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात 57 चाचण्या आणि 3002 लोक होते. थेरपी न मिळालेल्यांच्या तुलनेत थेरपी मिळालेल्यांचा व्यवहारातला संवाद, वाचन, लेखन आणि भाषेतून व्यक्त होणं यात सुधारणा दिसली. त्यामुळे प्रश्न थेरपी हवी की नको हा नाहीच. कुठली, किती, कुणासोबत, आणि मोजायचं काय, हे प्रश्न आहेत.

डोळा आणि डोरा

आता ज्यावर मला स्वतःची लाज वाटते ते सांगतो.

माझ्या 40 चित्रांत डोळ्याचं चित्र होतं. मोठेबाबा म्हणाले, "डोरा." मी तक्त्यावर फुली मारली. छत्रीला म्हणाले, "सत्री." फुली. पाण्याला "पानी". फुली. मला हा फोनेमिक पॅराफेजिया वाटला, म्हणजे वाचाघातात शब्दातला एखादा ध्वनी बदलतो तो दोष. मोठीआई बाजूला भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अरे, बराबरच तर सांगतात ना!"

मित्रांनो, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात झाडीबोली बोलतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. या बोलीत ण, ळ, छ, श, ष हे ध्वनी नाहीत. 'ण'चा न होतो, 'ळ'चा र, 'छ'चा स. म्हणजे मोठेबाबांचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मी त्याच घरात वाढलो, पण कॉलेज आणि हॉस्टेलमध्ये माझे कान बदलले, आणि त्या कानांनी मी त्यांना नापास केलं.

याने आकड्यांत किती फरक पडेल? करून बघू. वाचाघातासाठी जगभर वापरली जाणारी चाचणी म्हणजे वेस्टर्न ॲफेजिया बॅटरी. भारतीय भाषांतही तिची रूपांतरं आहेत. तिच्यात 20 वस्तू ओळखायच्या, बरोबर उत्तराला 3 गुण, ध्वनी चुकला पण शब्द ओळखू आला तर 2. समजा 20 पैकी 6 शब्दांत ळ, ण किंवा छ आहे आणि परीक्षकाने माझ्यासारखं केलं. 6 गुण गेले. ऐकून तसंच म्हणायच्या भागात प्रत्येक ध्वनिदोषाला 1 गुण कापतात. समजा तिथे 14 गुण गेले. या दोन्ही भागांचे गुण शंभरपैकी असतात. त्यांना 10 ने भागून अंतिम बेरजेत घेतात आणि ती बेरीज दुप्पट करतात. म्हणजे 0.6 अधिक 1.4, दुप्पट केल्यावर 4. ही चाचणी 93.8 च्या खाली वाचाघात मानते. ज्याला कधी स्ट्रोक आलाच नाही अशा, 97 गुणांच्या झाडीबोली माणसाला 93 मिळतील. तो बसल्या जागी रुग्ण झाला!

बोलीतला उच्चार बरोबरच धरायचा, अशी सोय या चाचणीत आहे. पण ती सोय वापरायला समोरचा उच्चार बोलीतला आहे हे परीक्षकाला ओळखता आलं पाहिजे. मला नाही आलं.

इथे संख्याशास्त्रवाला म्हणेल, "अरे, ही चूक आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही मोजणीत सारखीच आहे. फरक काढला की उडून जाईल." मीही असंच म्हणालो होतो. दोन ठिकाणी हे चालत नाही. पहिलं, निदानासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी जिथे एकच मोजणी आणि एकच सीमारेषा असते तिथे वजा करायला काही नसतं. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये वाचा व भाषा दिव्यांगता आहे, त्यात वाचाघात आणि स्वरयंत्र काढणं या दोन्हींचा नावाने उल्लेख आहे, आणि अनेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट आहे. टक्केवारी ठरवणाऱ्याचा कान तिथे महत्त्वाचा ठरतो. दुसरं जास्त फसवं आहे. थेरपीतच जर आपण माणसाला 'डोरा' सोडून 'डोळा' म्हणायला शिकवलं, तर नंतरच्या मोजणीत गुण वाढतात. वाचाघात तिथेच, फक्त बोली पुसली गेली, आणि आपण पेपरात लिहितो 'लक्षणीय सुधारणा'.

माझ्या 11 वरून 29 मध्ये असे किती होते, हे नंतर तपासलं. 4 होते. दोन महिने मी फुली मारत राहिलो आणि पुतण्या बिचारा "डोळा म्हणा, आजोबा" म्हणत राहिला.

मग मोजायचं काय?

मला दिशा मिळाली ती जुन्या एका पेपरातून. टोरांटोच्या ऑरा केगन आणि सहकाऱ्यांनी 2001 साली एक अभ्यास छापला. त्यांनी प्रशिक्षण वाचाघात झालेल्यांना दिलंच नाही. त्यांच्याशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांना दिलं, 20 जणांना. आणखी 20 जण प्रशिक्षणाविना. हो-नाहीचे प्रश्न कसे विचारायचे, मुख्य शब्द लिहून कसा दाखवायचा, चित्र कसं काढायचं, थांबायचं किती, समोरच्याला कळतंय हे मान्य करून कसं बोलायचं, असं सगळं. स्वयंसेवक सुधारले यात नवल नाही. पण ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं त्या वाचाघात झालेल्यांचाही संभाषणातला सहभाग आणि निरोप पोचवणं सुधारलं. अभ्यास छोटा आहे, मेंदूत काय बदललं हे तो सांगत नाही, तसा दावाही करत नाही. पण संभाषण दोघांचं असतं एवढी साधी गोष्ट त्याने मोजून दाखवली. 'बिग कॅक्टस'ने एकाच बाजूला सराव दिला आणि संभाषण बदलायची वाट बघितली. माझ्या मते ते बदललं नाही याचं हे मोठं कारण असावं. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही.

दोन महिन्यांपूर्वी गावी गेलो तेव्हा मोठ्याआईला आणि पुतण्याला यातलं थोडं समजावलं. एका संध्याकाळी कोरा कागद, पेन घेऊन बसलो. मोठीआईने विचारलं, "जुनी बांधी नाल्याच्या अलीकडे का पलीकडे?" आणि दोन्ही बाजूंना बोट ठेवलं. मोठेबाबांनी डाव्या हाताने पेन घेतलं. नाला काढला, बांध काढला, एका चौकोनावर जोरात टोक दाबलं आणि म्हणाले, "पानी." मग दुसऱ्या चौकोनावर, मान हलवत, "नाही." म्हणजे एक तुकडा बुडीतात गेला, दुसरा नाही. आम्ही इतकी वर्षं उलटं समजत होतो. अर्धा तास त्यांनी आम्हाला शेत समजावलं.

माझ्या जुन्या तक्त्यात त्या अर्ध्या तासाचे गुण शून्य. 'पानी'वर तर मी फुलीच मारायचो.

ही एका घरातली गोष्ट आहे, पुरावा नाही. नियंत्रण गट नाही, मोजणारा आंधळा नाही, उलट मोजणारा पुतण्याच! पण तिच्यामुळे माझा सिनॉप्सिस बदलला. ॲप अजून आहे. मुख्य निष्पत्ती मात्र आता 'किती चित्रं ओळखली' ही नाही. 'ठरलेली माहिती घरच्या माणसापर्यंत पोचली का' ही आहे, आणि गुण देणाऱ्यांत एक तरी झाडीबोली बोलणारा असेल. हे मोजायला अवघड आहे, नमुनासंख्या वाढणार, काम एक वर्ष लांबणार. मॅडम म्हणाल्या, "लांबू दे."

तुम्ही पुढचा पेपर उघडाल तेव्हा निकालाच्या आधी 'मेथड्स'मधला निष्पत्तीचा परिच्छेद वाचा. काय मोजलं, कुणाच्या समोर मोजलं, कुणाच्या कानांनी मोजलं, हे वहीत लिहा आणि मगच पी-व्हॅल्यूकडे जा. तुमच्या विषयात 'डोरा' कुठला आहे ते कमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या पोस्टमध्ये नमुनासंख्या कशी काढायची ते बघू, माझ्याच सिनॉप्सिसचे आकडे घेऊन.